आईच्या नावाचं मत

मार्गिटने तो कागद चार घड्या घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला होता. जेवण उरकेपर्यंत तो काढायचा नाही, असं तिने मंगळवारीच ठरवलं होतं. आई गेल्यानंतरचं हे तिसरं थँक्सगिव्हिंग. तिघं भावंडं एका टेबलाशी बसतात असा वर्षातला हा एकच दिवस, तो नासवायचा नाही. पण सकाळी वडिलांच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकल्यापासून ती पर्स तिला धोंड्यासारखी जड लागत होती.

लेइफ ओट्याशी उभा राहून लेफ्से लाटत होता. तो काल दुपारीच व्हर्जिनियाहून आला होता. छत्तीस वर्षांचा झाला तरी घरात शेंडेफळच. बटाट्याची ही पातळ पोळी आईने तिघांपैकी फक्त त्याला शिकवली, कारण मार्गिटला धीर नव्हता आणि नेल्सचे हात तेव्हाही टेलिफोनच्या तारांनी काळे असायचे.

"जाड होतेय," मार्गिट म्हणाली. "आईच्या लेफ्सेतून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता यायचं."

"आई असती तर तू इथे उभी राहून चुका काढल्या नसत्यास. बटाटे कुस्करत बसली असतीस."

ती हसली, पण हसू ओठांवरच राहिलं. त्याच्या ते लक्षात आलं.

"काय झालंय तुला? आल्यापासून पाहतोय."

"काही नाही. तुझं ऑफिस काय म्हणतंय?"

"चाललंय," लेइफ म्हणाला आणि लाटण्यावर पीठ भुरभुरवू लागला. ऑफिसबद्दल तो नेहमी एवढंच बोलायचा. निवडणुका, कायदे, जाहिराती यांच्यासाठी लोकांचा पाठिंबा गोळा करणारी कुठलीशी कंपनी, एवढंच घरात माहीत होतं. आईला तेही कळत नसे. "माझा लेइफ वॉशिंग्टनजवळ असतो," एवढं सांगून ती खूश असायची.

मंगळवारी घडलं ते असं. इंटरनेटवरचे सरकारी नियम उठवायचा मसुदा येतोय, चौदा डिसेंबरला केंद्रीय दळणवळण आयोगाचं मतदान आहे, अशी बातमी आली, आणि एक शेतकरीण मार्गिट काम करायची त्या लायब्ररीत येऊन म्हणाली, "मला माझं म्हणणं कळवायचंय, कसं कळवतात ते दाखव." लोकांनी आयोगाला पाठवलेली मतं नाव घालून शोधता येतात, हे तिला दाखवायला मार्गिटने सहज स्वतःचं आडनाव टाइप केलं. पडद्यावर आईचं नाव आलं. सोल्वेग ओडेगार्ड. तारीख या मे महिन्यातली. आई जाऊन तेव्हा दीड वर्ष उलटलं होतं.

शेतकरीणबाई खांद्यावरून डोकावत होत्या. "तुझी आई तर..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. मार्गिटला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. तिने पडद्यावरचं ते पान बंद केलं आणि यंत्र बिघडलंय असं सांगितलं. आयुष्यात लायब्ररीच्या टेबलामागून ती पहिल्यांदा खोटं बोलली.

*

"चौदा तारखेनंतर तरी मला श्वास घेता येईल," घरची टेलिफोन-इंटरनेट कंपनी चालवणारा नेल्स टर्कीचा तुकडा वाढून घेत म्हणाला, आणि टेबलाखालून ट्रूडीची लाथ बसल्यावर त्याला आठवलं की हा विषय काढायचा नाही असं गाडीत बायकोला कबूल केलं होतं.

"कसला श्वास?" मार्गिटने विचारलं.

"झालं सुरू," ट्रूडी पुटपुटली.

आता माघार घेण्यात नेल्सला अर्थ दिसेना. "अगं, आपल्याकडे नऊ माणसं कामाला. दोन वर्षांपूर्वी सरकारने टेलिफोनचा एकोणीसशे चौतीसचा कायदा उचलला आणि इंटरनेटच्या बोकांडी बसवला. त्याचे कागद भरायला मला मिनीॲपोलिसचा वकील धरावा लागला. बड्या कंपन्यांकडे वकिलांचा अख्खा मजला असतो. माझ्याकडे ट्रूडी आहे, तीही अर्धा दिवस."

"त्या बड्या कंपन्यांसाठीच तो नियम आहे. तार तुमची, म्हणून तारेतून काय पुढे जाईल आणि काय मागे राहील हे तुम्ही ठरवायचं नाही. एवढंच तर म्हणतो नियम. तो गेला की जो जास्त मोजेल त्याचा सिनेमा धावेल, आणि माझ्या लायब्ररीचं पान उघडायला पोरांना ताटकळत बसावं लागेल."

"मी कुणाला ताटकळत ठेवलंय आजवर?"

"तू नाही ठेवणार. तू ज्याला विकशील, तो ठेवील."

नेल्सचा घास हातातच राहिला. मोठ्या कंपनीने देऊ केलेल्या किमतीचं पत्र आठवडाभर त्याच्या खणात पडून होतं. हिला कुणी सांगितलं? त्याने ट्रूडीकडे पाहिलं. ट्रूडी मटारात गुंतली होती.

टेबलाच्या टोकाला वडिलांनी, आर्लिनने, काटा खाली ठेवला. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही तो रोज सकाळी सातला कंपनीच्या कचेरीत जाऊन बसायचा. त्याच्या बापाने, टॉर्गरने, शेतांच्या कुंपणांच्या खांबांना तारा बांधून ही कंपनी उभी केली, तेव्हा एकवीस घरं होती. आता अकराशे होती.

"पुरे," आर्लिन म्हणाला. "माझ्या वडिलांच्या वेळी स्विचबोर्डवर बसणाऱ्या बाईला गावातलं सगळं ऐकू यायचं. पण बँकवाल्याचा फोन आधी आणि मजुराचा नंतर, असं तिने कधी केलं नाही. कुठल्या सरकारने तिला शिकवलं होतं? लाज होती तिला. माणसाला लाज असली की नियम लागत नाही. नेल्सचं बरोबर आहे."

"लाज," मार्गिट म्हणाली. तिचा आवाज एकदम वेगळा झाला. "बरं. मग हे वाचू या."

तिने पर्स उघडली. नेल्सला वाटलं, काहीतरी लेख असेल. मार्गिट नेहमी लेख आणायची. तिने घड्या उलगडल्या आणि उभं राहून वाचायला सुरुवात केली.

"'मी एक सामान्य ग्राहक आहे. आधीच्या सरकारने इंटरनेटवर लादलेलं जाचक ओझं ताबडतोब उतरवावं. मुक्त बाजारपेठेवर माझा पूर्ण विश्वास आहे.' खाली नाव, सोल्वेग ओडेगार्ड. यंदाचा मे महिना."

तिने कागद टेबलाच्या मधोमध ठेवला. 

"आईला बाजारपेठ म्हणजे शुक्रवारची अंडी विकायची जागा माहीत होती," मार्गिट म्हणाली. "आणि पत्ता बघा. रूट दोन, बॉक्स एक्केचाळीस. हा पत्ता वीस वर्षांत पोस्टमननेही वापरलेला नाही. आता फक्त आपल्या कंपनीच्या ग्राहकांच्या यादीत आहे. घरचा फोन आईच्या नावावर, आणि मालकाच्या घरी बिल जात नाही म्हणून कुणी तो पत्ता कधी बदललाच नाही. ती यादी कुणाच्या हातात असते, नेल्स?"

"तू मला विचारतेयस?"

"मी सगळ्यांदेखत विचारतेय."

नेल्स उठायला गेला आणि मध्येच थांबला. यादी. अडीच-तीन वर्षांपूर्वी कंपनीला पंचाहत्तर वर्षं झाली, तेव्हा निमंत्रणपत्रिका करायला त्याने ती एकाच माणसाला पाठवली होती. ग्राहकांची नावं कंपनीच्या बाहेर जाऊ द्यायची नाहीत, हा आजोबांपासूनचा दंडक. पण घरातल्याच माणसाला पाठवतोय, त्यात काय, असं म्हणून त्याने बटण दाबलं होतं.

त्याने लेइफकडे पाहिलं. लेइफ लेफ्सेला लोणी लावत होता. साखर भुरभुरवून त्याने ती गुंडाळली, उलगडली, पुन्हा गुंडाळली. त्याच्या कानांच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या. लहानपणी कोंबड्यांचं दार उघडं ठेवल्यावर व्हायच्या तशाच.

नेल्सने तोंड उघडलं आणि मिटलं. नाव घेतलं तर यादी कुणी दिली हा प्रश्न लगेच पाठोपाठ येणार होता. आणि लेइफ स्वतःहून बोलेल, अशीही त्याला आशा होती. तो थांबला. लेइफ बोलला नाही.

"काहीतरी बोल," ट्रूडी नवऱ्याला म्हणाली. "नाही म्हण!"

नेल्स गप्प राहिला. त्या गप्प राहण्याचा अर्थ टेबलावरच्या प्रत्येकाने आपापल्या परीने लावला.

"आईच्या नावाने," आर्लिन सावकाश म्हणाला. मुलाकडे न पाहता त्याने तळहात पुढे केला. "कचेरीच्या किल्ल्या."

"आर्लिन, तो तुमचा मुलगा आहे!" ट्रूडी ओरडली.

"म्हणूनच मागतोय."

नेल्सने जुडगा काढून वाढायच्या चमच्याशेजारी ठेवला, खुर्ची नीट आत सरकवली आणि गॅरेजकडे निघून गेला. दार त्याने आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं नंतर सगळ्यांनाच वाटलं.

*

आता, लेइफने मनाशी म्हटलं. आता बोल.

तो बोलला नाही. ट्रूडी रडत ताटं उचलू लागली. मार्गिट उभीच होती. भांडण जिंकलेल्या माणसाचा चेहरा असतो तसा काही तिचा दिसत नव्हता. वडिलांनी कागद उपडा घालून त्यावर पंजा ठेवला होता. त्या पंजावरचे डाग पाहता पाहता लेइफला वाटलं, हे असंच सरून जाईल. उद्या विमान आहे. नेल्स काहीतरी सांगेल, वडील विरघळतील. मोठे भाऊ असतात कशाला?

हा विचार आला आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली.

"मी केलं," तो म्हणाला.

कुणाला ऐकू गेलं नाही. ट्रूडी नळ सोडून उभी होती. त्याला पुन्हा म्हणावं लागलं, मोठ्याने. "बाबा, नेल्सने नाही. मी केलं ते."

ट्रूडीने नळ बंद केला.

"आमच्या कंपनीला काम मिळालं होतं," तो सांगू लागला. सांगताना त्याला स्वतःचा आवाज ऑफिसातल्या बैठकीतल्यासारखा ऐकू येत होता आणि तो बदलता येत नव्हता. "नियम उठवा म्हणणारे दोन लाख लोक शोधायचे, त्यांची संमती घ्यायची आणि त्यांच्या नावाने मत दाखल करायचं. लोक मिळेनात. लोकांना काही पडलेलीच नव्हती. मुदतीला आठवडा राहिला तेव्हा वरून निरोप आला, जुन्या याद्या असतील त्या काढा. ज्याने त्याने आपापल्या काढल्या. माझ्याकडे पत्रिकांच्या वेळची आपली होती."

"म्हणजे अख्खी यादी?" मार्गिटने विचारलं. "अकराशे?"

"अख्खी."

ती खाली बसली. "या गावातला प्रत्येक माणूस."

"तू ती उघडून पाहिली नाहीस," ट्रूडी म्हणाली. तिला ते खरं असायला हवं होतं. "नुसती पाठवून दिलीस. आई त्यात आहे हे तुला कुठे ठाऊक होतं?"

ती वाट मोकळी होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. लेइफने वडिलांकडे पाहिलं. ते अजून कागदावरून हात काढत नव्हते.

"उघडली होती. सगळ्यात आधी आईचंच नाव शोधलं. म्हटलं, तेवढं काढून टाकू. मग काढलं नाही."

"का?" मार्गिटचा आवाज फुटला.

"काढलं असतं तर मी काय करतोय ते मला कळलं असतं."

 लेइफ जेवायच्या टेबलाशी दोन्ही हात खाली सोडून उभा होता. त्याच्या बाहीवर पीठ लागलेलं होतं, आणि शिक्षा काय होईल याची वाट पाहणाऱ्या मुलासारखं ते तो झटकतही नव्हता.

*

आर्लिन किल्ल्या घेऊन गॅरेजमध्ये गेला. नेल्स कंपनीच्या व्हॅनमध्ये बसला होता, अर्धवट अंधारात, दिवा न लावता. आर्लिन दुसऱ्या बाजूने चढला. आत वायरच्या रिळांचा वास होता. या वासात त्याचं आयुष्य गेलं होतं.

"लेइफने सांगितलं," तो म्हणाला.

"यादी मी दिली होती."

"तेही कळलं."

"मग किल्ल्या ठेवा तुमच्याकडेच."

आर्लिनने जुडगा डॅशबोर्डवर ठेवला. समोर भिंतीवर सोल्वेगचं बागेचं फावडं टांगलेलं होतं. जे सांगायला आलो ते आता सांगितलं नाही तर कधीच सांगणार नाही, हे त्याला माहीत होतं.

"मला ऑगस्टपासून ठाऊक आहे."

नेल्स वळला. "काय ठाऊक आहे?"

"ग्लॅडिस ब्रोटन आली होती कचेरीत. ऑर्व्हिलच्या नावाने सरकारला काहीतरी गेलंय, तो जाऊन वर्ष झालं, हे कसं काय, म्हणून विचारायला. तिच्या भाचीने शोधलं होतं. मी तिला कॉफी दिली आणि म्हटलं, कुठेतरी घोटाळा झाला असेल ग्लॅडिस, सोडून दे. ती गेल्यावर मी स्वतः शोधलं. तुझ्या आईचं नाव मी तेव्हाच पाहिलं. पत्ताही."

"मग मघाशी..."

"मघाशी मी नाटक केलं."

नेल्सने स्टिअरिंग घट्ट धरलं. "ऑगस्टपासून तुम्ही समजत होतात की मी केलं."

"हो."

"आणि रोज सकाळी सात वाजता माझ्यासमोर बसून डोनट खात होतात."

"नियम जायला हवे होते मला," आर्लिन म्हणाला. "मनापासून हवे होते. वाटलं, अकराशे नावांनी वजन पडत असेल तर पडू दे. तू केलं असशील तर कंपनीसाठीच केलं असशील. विचारलं तर तू हो म्हणशील, मग मला काहीतरी करावं लागेल. म्हणून विचारलंच नाही. आणि आज मार्गिटने सगळ्यांदेखत काढलं, तेव्हा मी चांगला माणूस झालो. तुझ्या जिवावर."

 नेल्स समोर पाहतच म्हणाला, "लाजेवर भाषण दिलंत हो तुम्ही. टर्की चावता चावता."

"दिलं," आर्लिन म्हणाला. त्याचे डोळे भरले, पण ते पुसायचा आपल्याला हक्क आहे असं त्याला वाटलं नाही.

ते आत आले तेव्हा मार्गिट दारातच उभी होती. तिने नेल्सला जाऊ दिलं नाही.

"मी सरळ तुलाच धरलं," ती म्हणाली. "एकदाही वाटलं नाही की दुसरं कुणी असेल."

"हो. आणि तुला बरं वाटत होतं धरताना."

मार्गिटने नाही म्हणायचा प्रयत्न केला. "वाटत होतं," ती म्हणाली.

*

शुक्रवारी सकाळी नेल्सने वकिलाला घरच्या फोनवर गाठलं. वकिलाने दोन वाक्यांत निकाल दिला: कुणाकडे काही कबूल करू नका, ग्राहकांची नावं बाहेर गेली हे कळलं तर कंपनी बसेल. विकत घेणाराही मागे फिरेल.

"ऐकलंत?" नेल्स म्हणाला. "काय करायचं?"

"मला विचारू नका," मार्गिट म्हणाली. "मी काल पुष्कळ ठरवलं."

"यादी छापून काढ," आर्लिन म्हणाला. "घरोघर जायचं. कंपनी बसली तर बसली."

लेइफ सोफ्यावर पाठीचा कणा ताठ ठेवून बसला होता. सकाळी त्याने ऑफिसला फोन करून नोकरी सोडली होती. तिकडच्या माणसाने काय झालं एवढंही विचारलं नाही. लॅपटॉप परत पाठवून दे म्हणाला.

"मी एकटा जातो," तो म्हणाला.

"एकट्याने केलंस का?" आर्लिन म्हणाला. "यादी याने दिली, तोंड मी मिटलं. तिघं जाऊ. आधी ग्लॅडिसकडे."

ऑर्व्हिल ब्रोटनने तीस वर्षं कंपनीच्या खांबांवर चढून तारा जोडल्या होत्या. त्याचं घर गावाच्या उत्तरेला, रेल्वेच्या रुळांपलीकडे होतं. ग्लॅडिसने दार उघडलं, तिघांना पाहिलं आणि हातातलं फडकं खांद्यावर टाकलं.

"कोण गेलं?" तिने विचारलं. ओडेगार्ड घरातले तिघे पुरुष एकदम दारात, म्हणजे तिला तेच वाटलं.

"कुणी नाही, ग्लॅडिस," आर्लिन म्हणाला. टोपी हातात धरून त्याने पायरीवरच सांगितलं. ऑगस्टचंही सांगितलं. आत येऊ का, असं त्याने विचारलं नाही आणि तिनेही बोलावलं नाही. थंडी मी म्हणत होती.

"तुम्ही मला कॉफी दिलीत," ग्लॅडिस म्हणाली. "सोबत बिस्किटंही दिलीत. मी घरी आले आणि भाचीवर ओरडले. म्हटलं, ओडेगार्ड घोटाळा म्हणतायत म्हणजे घोटाळाच. ती तेव्हापासून आलेली नाही."

"माझी चूक झाली."

"चूक पोराची झाली असेल. तुम्हाला ठाऊक होतं." मग तिने लेइफकडे पाहिलं. "तू सोल्वेगचा धाकटा ना? काय लिहिलंस माझ्या माणसाच्या नावाने? वाचून दाखव."

"मिसेस ब्रोटन, ते..."

"भाचीने मोबाइलवर दाखवलं होतं. चष्मा नव्हता तेव्हा. वाच."

लेइफने यादीसोबत छापलेला कागद काढला.  "'मी एक सामान्य ग्राहक आहे...'"

"मोठ्याने."

त्याने मोठ्याने वाचलं. जाचक ओझं, मुक्त बाजारपेठ, पूर्ण विश्वास. रस्त्यापलीकडे कुणीतरी पानं गोळा करत होतं, तो माणूस थांबून पाहू लागला. लेइफने शेवटी ऑर्व्हिलचं नाव वाचलं आणि कागद खाली केला.

"ऑर्व्हिल तोतरा होता," ग्लॅडिस म्हणाली. "लग्नाच्या वेळी 'हो' म्हणायलाही त्याला वेळ लागला होता. सगळं चर्च थांबलं होतं त्याच्यासाठी. एकेक शब्द कष्टाने काढायचा तो. म्हणून जे बोलायचा ते त्याचंच असायचं." तिने हात पुढे केला. "दे तो इकडे. पेन आहे?"

नेल्सने खिशातलं पेन दिलं. ते तिने कागदासकट लेइफच्याच हातात ठेवलं. "खाली लिही. हे ऑर्व्हिल ब्रोटन म्हणालेला नाही, मी म्हणालो. आणि तुझं नाव घाल. पूर्ण."

कागद दाराच्या चौकटीला टेकवून त्याने लिहिलं. दोन लाख लोकांच्या त्या सगळ्या कामात त्याने स्वतःचं नाव कुठेही लिहिलं नव्हतं. लेइफ टॉर्गर ओडेगार्ड. आजोबांचं नाव मध्ये आलं तेव्हा पेन अडकलं. शाई गोठली होती. त्याने तोंडाजवळ धरून त्यावर फुंकर घातली आणि पुन्हा लिहिलं.

ग्लॅडिसने कागद वाचला, चष्मा लावून. घडी करून ॲप्रनच्या खिशात ठेवला. "हा मी भाचीला दाखवीन," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

तिने कॉफी विचारली नाही. या मुलखात दारात आलेल्या बिल कलेक्टरलाही कॉफी विचारतात.

*

त्या दिवशी नऊ घरं झाली. पुढच्या आठवड्यात कुणी कुत्रं सोडलं, कुणी हसून 'काय फरक पडतो' म्हणालं, आणि ते हसणं लेइफला कुत्र्याहून वाईट वाटलं. एकशे चाळीस जणांनी कंपनी सोडली. विकत घेणाऱ्यांचं पत्र आलं, आता त्यांना रस नव्हता. मार्गिटने लायब्ररीच्या दारावर स्वतःच्या हाताने सूचना लावली: आपलं नाव वापरलं गेलं आहे का, ते इथे शोधून मिळेल. ती शेतकरीण पुन्हा आली, तेव्हा यंत्र बिघडलं नव्हतं, मी खोटं बोलले होते, हेही मार्गिटने तिला सांगितलं.

चौदा डिसेंबरला दुपारी बाप-लेक तिघे व्हॅनने काउंटी रोडवरून पुढच्या घराकडे चालले होते. व्हॅनमधला रेडिओ सुरू होता. तीन विरुद्ध दोन मतांनी नियम उठले, असं निवेदक म्हणाला आणि लगेच डुकरांचे भाव सांगू लागला.

आर्लिनला हवं तेच झालं होतं. दोन वर्षं ज्यासाठी तो पत्रं लिहीत आला, वकील करत आला, जेवणाच्या टेबलावर भांडत आला, तेच. आपल्याला काय वाटतंय हे त्याने चाचपून पाहिलं. पोरं काय म्हणतात म्हणून वाट पाहिली. नेल्सने हात पुढे करून रेडिओ बंद केला.

"झालं तुमच्या मनासारखं," लेइफ मागून हळूच म्हणाला. त्यात टोमणा नव्हता.

"माझ्या मनासारखं झालं की तुझ्या यादीने झालं," आर्लिन म्हणाला, "हे आता मला मरेपर्यंत कळणार नाही."

व्हॅन एका फाटकाशी थांबली. तारेच्या कुंपणामागे घर, घराच्या पायरीवर एक म्हातारा फावड्याने बर्फ काढत होता. गाडीवरचं कंपनीचं नाव पाहून त्याने खुशीत हात हलवला. त्याला अजून काही माहीत नव्हतं.

आर्लिनने टोपी काढली आणि तो आधी उतरला.